आधी पोट पाहा

प्राणिशास्त्र विभागाच्या ओसरीत टांगलेली बांबूच्या नळ्यांची मोळी मी फोडली. त्याबद्दलचा मार दुसऱ्याने खाल्ला आणि ज्याने तो मारला त्यालाही पुढे तो फार महागात पडला. मार बसल्याबरोबर मी त्या दोघांच्या जवळ येऊन हाताची घडी घालून उभा राहिलो. लोक माझ्याविषयी 'गरीब स्वभावाचा, कधी आवाज न चढवणारा माणूस' असे म्हणत आले आहेत, आणि हे शब्द मी वर्षानुवर्षे अंगावर शालीसारखे वागवले. ते खोटे नव्हते. मी आवाज खरोखरच चढवत नाही. त्या नळ्या फोडतानाही मी फारसा आवाज होऊ दिला नव्हता.

परंतु सांगायचे आहे ते गफूर सरांविषयी.

आर्णीच्या महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी वनस्पतिशास्त्र. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांच्या घरचा धंदा मोटारसायकल दुरुस्तीचा. वडील फिटर, भाऊ फिटर, आणि हे एकटेच शिकून प्राध्यापक झालेले. तरी मनगट फिटरचेच राहिले होते. प्रयोगशाळेतले लाकडी कपाट पावसाळ्यात फुगून बसे, तेव्हा चावी न शोधता ते त्याला लाथ घालीत आणि कपाट उघडे. डबा खाताना कांदा कापत नसत, टेबलावर ठेवून मुठीने फोडत. पेंगणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिशेने डस्टर भिरकावताना त्यांचा नेम सहसा चुकत नसे. त्यांच्या रागाला तीन पायऱ्या होत्या. चिडले की हिंदी, जास्त चिडले की वऱ्हाडी, आणि शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागले की समोरच्याने समजावे, आता आपले काही खरे नाही.

या माणसाच्या हातात माशी आली की मात्र हातच बदलून जात.

माशी म्हणजे पानकापी. घरमाशी नव्हे आणि पोळे बांधणारी मधमाशीही नव्हे. ही एकटी राहते. गुलाबाच्या, करंजाच्या, तुरीच्या पानाच्या कडेला बसते आणि कात्रीने कापावा तसा गोल तुकडा कापून पायांत धरून उडून जाते. बांबूच्या पोकळीत, दाराच्या भोकात, जुन्या पाइपात त्या तुकड्यांची कुपी करते, तीत पराग आणि अंडे ठेवते आणि वर पानाचेच झाकण लावते. अशा कुप्या एकापुढे एक रचल्या जातात. भिंतीला लांबट तुकडे, झाकणाला गोल. हा हिशेब तिला कोणी शिकवलेला नसतो. या माशीच्या कितीतरी जाती आहेत आणि त्या ओळखणे महाकर्मकठीण. आकार सारखा, रंग सारखा. नर आणि मादी मात्र एकमेकांपासून इतके वेगळे, की जाणकारही त्यांना दोन जाती समजून बसतात.

गफूर सर नवशिक्याला पहिल्यांदा एवढेच सांगत : "आधी पोट पाह्य. पाठ कोणाची बी चकचकीत असते."

पानकापी पराग पायांवर नेत नाही, पोटाखालच्या केसांवर नेते. त्या केसांचा रंग, जबड्याचे दात, दातांच्या मधले पाते, नराच्या पुढच्या पायांवरचा झालरीसारखा पांढुरका पसारा, हे सारे ते सुईच्या टोकाने उलगडून दाखवत. एरवी कपाटाला लाथ घालणारा तो माणूस तेव्हा श्वासही बेताने घेई. जबडा उघडताना दात मोडला तर स्वतःच्याच हातावर फाडकन चापट मारून घेई.

माशा मारण्याची त्यांची बाटली शर्टाच्या खिशात असे. जिवंत माशीची ओळख पटत नाही, तिला मारावेच लागते, याचे त्यांना वाईट वाटे. पण ते लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा मी विचारले, "सर, इतकी माया असून मारता कसं?"

"पाप हाय," ते म्हणाले. "पण नावासाठी मारतो. नाव समजलं की पुढच्या हजार वाचतात. ओळखल्याबिगर मारतो ना, पालेवाले, तो खरा हलकट."

पालेवाले म्हणजे मी. माशांनी घर करावे म्हणून टांगलेल्या नळ्यांतले पान कोणत्या झाडाचे हे ओळखण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्यांनी हे नाव ठेवले आणि सगळ्या महाविद्यालयाने ते उचलले.

त्यांच्याबरोबर रानात जाणे म्हणजे मारामारीची तयारी ठेवणे. मारेगावकडच्या एका शेतात तूर फुलली होती. सर जाळी घेऊन ओळीत शिरले. शेतकऱ्याच्या धाकट्या भावाने लांबून पाहिले : अनोळखी माणूस, हातात जाळी, खिशातून डोकावणारी बाटली. तुरीच्या पानांना गोल भोके पडलेली त्याने सकाळीच पाहिली होती. हाच औषध टाकून जातो, असे समजून त्याने मागून येऊन बैल हाकायची तुतारी सरांच्या पाठीत घातली. मी बांधावरच थिजलो. सर वळले, तुतारी हिसकली, त्या माणसाला उचलून शेजारच्या कपाशीच्या ओळीत आदळले आणि त्याच्या छातीवर बसले. मला वाटले, आता जीव घेतात. सरांनी खिशातून बाटली काढली.

"डोये उघड. पाह्य. हिच्या पोटाखाली पिवळं काय दिसते?"

"उतरा ना जी आंगावरून."

"आधी पाह्य. पिवळं काय हाय?"

"फुलाचं... फुलाचं पीठ दिसते."

"कायच्या फुलाचं?"

"तुरीच्या?"

"मंग? पानं कापते ती बी हेच, आन तुही तूर भरवते ती बी हेच. फवारा हाणशील तं शेंगा कोण भरवन? तुहा बाप?"

"बाप नाई, भाऊ हाय घरी," तो खालून म्हणाला. "उतरा, त्याले बलावतो." सर हसले आणि उतरले. दुपारी त्याच माणसाच्या घरी आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. सरांच्या पाठीवर वळ उठला होता आणि त्याच्या ओठातून रक्त येत होते. कोणीच कोणाची माफी मागितली नाही. दोघांचेही तेवढ्यात मिटले होते, याचे मला त्या दिवशी आश्चर्य वाटले. आज हेवा वाटतो.

दुसरा प्रसंग प्रयोगशाळेतला. सरांनी एक नळी उभी चिरून तीवर काच बसवली होती, म्हणजे आतले सगळे दिसावे. पानकापी पराग आणायला गेली की एक दुसरीच माशी आत शिरे. तिचे पोट टोकाला निमुळते, भाल्यासारखे, आणि पोटाखाली केस नाहीत, कारण तिला पराग आणायचाच नसतो. सर तिला 'चोट्टी' म्हणत. ती पानकापीच्या कुपीत आपले अंडे ठेवून निघून जाते. काही दिवसांनी सरांनी मला भिंगाशी बसवले. कुपीत चोट्टीची अळी होती. तिला कोयत्यासारखे दोन जबडे होते. शेजारी घरधनिणीचे बाळ होते, पांढरे, मऊ. ती अळी वळली, जबडे पसरले आणि त्याच्या अंगात रुतवले. ते आक्रसले. तिने पुन्हा रुतवले. पुढे ती त्याच्या वाटणीचा पराग खाऊ लागली.

मी मान वर केली, तेव्हा सर माझ्याकडेच पाहत होते.

"आवाज नाई येत ना? म्हणून लोकाइले वाटते, आतमंदी शांतता हाय."

दौलतभाऊही तेव्हा तिथे होता. दौलतभाऊ म्हणजे विभागाचा परिचर. भांडी धुणे, ओसरी झाडणे, कपाटांच्या चाव्या सांभाळणे, ही त्याची कामे. माशांशी त्याला काही देणेघेणे नव्हते. उलट, ओसरीतल्या नळ्यांवरून तो कायम कुरकुरे. "सर, हे मोळी फेकून द्या ना. खाली सारा कचरा सांडते." सर म्हणत, "तुलेच बांधून टांगतो तिथं. कचरा कमी होईन." दोघांचा हा संवाद रोजचा, चहासारखा.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

मी एक निबंध लिहिला होता. आमच्या आवारातल्या एका लहान काळसर पानकापीच्या दोन जाती आहेत, असे मी त्यात मांडले. आधार काय, तर पान. दिसायला वेगळ्या अशा दोन माशा होत्या; काही नळ्यांत तुरीचे पान होते आणि काहींत बोगनवेलीची गुलाबी पाकळी, जी खरे तर पानच; तेव्हा एक तुरीवाली आणि दुसरी पाकळीवाली, असे मी ठरवून टाकले. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला होणारी ही चूक आहे. त्याला जग पानांतूनच दिसते. यवतमाळच्या चर्चासत्रात मी तो वाचणार होतो. शिक्षकांच्या खोलीत सरांनी तो सगळ्यांसमोर उघडला, दोन पाने वाचली आणि चष्मा काढला. ते हिंदीत बोलले नाहीत, वऱ्हाडीतही नाही.

"पाल्यावरून पारख करते ती शेळी," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "प्राध्यापकाकडून आम्ही अधिक अपेक्षा करतो."

त्यांनी कागद आडवे फाडले. खोली हसली. मीही हसलो. माझे हसणे इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ टिकले, हे मला आठवते.

त्यांचे म्हणणे असे होते, की त्या दोन जाती नसून एकाच जातीचे नर आणि मादी आहेत आणि मादी हाताशी येईल ते पान कापते. याचा पुरावा त्या मोळीत वाढत होता. एकाच नळीतून नर-मादी बाहेर पडताना दिसले की प्रश्न मिटणार होता. कित्येक हंगाम अळ्या मेल्या होत्या, कधी चोट्टीने मारल्या, कधी मुंग्यांनी. त्या वर्षी पहिल्यांदा मोळी शेवटपर्यंत टिकली होती. सर रोज तिच्याखाली उभे राहत.

थंडीतल्या एका दुपारी मी ओसरीतून जात होतो. ओसरीत कोणी नव्हते. पाहणीसाठी समिती यायची होती, म्हणून सगळे सभागृहात गुंतले होते. मी मोळीजवळ थांबलो. एका नळीच्या तोंडाशी झाकण होते : खाली गुलाबी पाकळी आणि तिच्यावरच तुरीचे हिरवे पान. दोन्ही एकाच माशीने बसवलेले. माझा निबंध त्या बोटभर तोंडात खोटा ठरलेला होता, आणि ते आधी मीच पाहिले.

मी मोळी काढली. भिंतीच्या कोपऱ्यावर आपटली, आवाज होऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून. बांबू उभे चिरले. मी त्या कुप्या फरशीवर ओतल्या आणि त्यांवर टाच फिरवली. पान फाटले तसे आतले दिसले : पुरते तयार झालेले, पाय पोटाशी घेतलेले, डोळे काळे झालेले, फक्त पंख उलगडायचे राहिलेले जीव. मी ते पाहिले आणि टाच पुन्हा फिरवली. नंतर रुमाल झटकून सभागृहात जाऊन बसलो. कोणीतरी मला पाणी दिले, ते मी आभार मानून प्यायलो.

दौलतभाऊ ओसरी झाडायला आला, तेव्हा त्याला वाटले मोळी वाऱ्याने पडली आणि कोणाच्या पायाखाली आली. समिती यायच्या आत त्याने सगळे सुपलीत भरले. सर आले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी सुपली पाहिली, तीतला गुलाबी-हिरवा चोथा पाहिला. ते कोणत्याच भाषेत बोलले नाहीत. त्यांनी दौलतभाऊच्या कानाखाली मारली. तो आवाज ऐकून आम्ही सभागृहातून बाहेर आलो. दौलतभाऊ भिंतीला टेकून उभा होता, सुपली अजून हातात घट्ट धरलेली, आणि त्याच्या डाव्या कानातून रक्ताची रेघ मानेवर उतरत होती.

"म्या नाई तोडलं, सर," तो म्हणत होता. "देवाशपत म्या नाई तोडलं."

सरांनी पुन्हा हात उचलला. दोघातिघांनी त्यांना धरले. धरणाऱ्यांत मी नव्हतो. मी हाताची घडी घातली होती. एका मुठीत तो रुमाल होता.

दौलतभाऊच्या कानाचा पडदा फाटला, तो पुन्हा जुळला नाही. संध्याकाळी त्याचे दोघे भाऊ बसस्थानकाजवळ सरांच्या आडवे आले. सर चौघांना पुरून उरले असते, पण त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही, असे पाहणारे सांगतात. भावांनी त्यांना खाली पाडले आणि लोखंडी पान्याने उजव्या हाताची बोटे ठेचली. गर्दी जमली, गर्दीत नाही नाही ते बोलले जाऊ लागले, कोणी दुकानांच्या शटरवर दगड मारला. गाव पेटायला तेवढे पुरे होते. तेव्हा कानाला फडके बांधलेला दौलतभाऊ रिक्षातून उतरला आणि सरांच्या अंगावर आडवा पडला. "हे माह्या आन सरच्या मधलं हाय," तो ओरडला. "तुमी कोणी यात नोका पडू."

सरांची दोन बोटे वाकडी बसली. त्यांना सुई धरता येईना. चौकशी झाली, त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि परत येऊन निवृत्तीपर्यंत शिकवले. डस्टर पुन्हा कधी भिरकावले नाही. 'ओळखल्याबिगर मारतो तो हलकट' हे वाक्यही त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाही. मोळी मात्र दौलतभाऊनेच फोडली, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. काही महिन्यांनी ते त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "मी तुले माफ केलं. तू मले कर."

दौलतभाऊ म्हणाला, "मारलं त्याची माफी केव्हाचीच देल्ली, सर. पण तुमची माफी मी घेणार नाई. म्या तोडलंच नाई."

तिथून तो वाद सुरू झाला, आणि वर्षानुवर्षे चालला. दोघे म्हातारे होत गेले. दौलतभाऊ रोज दुपारी सरांच्या घरी जाई, त्यांना पेपर वाचून दाखवी, आणि उठताना विचारे, "आता तरी पटलं का, म्या नाई तोडलं?" सर म्हणत, "कबूल कर ना बावा, मी कुठं आता मारून राह्यलो?" ऐकणारे हसत. दौलतभाऊ हसत नसे. न केलेल्या गोष्टीची क्षमा रोज त्याच्या हातावर ठेवली जात होती आणि तो ती रोज परत करत होता. गावाने, पोलिसांनी, साहेबांनी काय मानले याची त्याला फिकीर नव्हती. या एका माणसाने आपले खरे मानावे, एवढेच त्याला हवे होते.

ते मी देऊ शकत होतो. दिले नाही. मी उमरखेडला बदलून गेलो, तिथे प्राचार्य झालो, आर्णीला आलो की सरांकडे चहा पिऊन परतत राहिलो, शांत स्वभावाबद्दल माझे सत्कार झाले.

गेल्या वर्षी तूर फुलली तेव्हा दौलतभाऊचा फोन आला. "सरची तब्येत काई बरी नाई. येऊन पाहून जा. तुमचं नाव काढतात."

सर गॅरेजच्या मागच्या अंगणात लोखंडी खाटेवर बसले होते. पलीकडे पुतणे पत्रा ठोकत होते. अंग आटले होते, मनगट मात्र तसेच. मला पाहताच ते म्हणाले, "या पालेवाले. बरं झालं. या पोट्ट्याइले मोटारसायकलीबिगर काई ओळखू येत नाई. तुमी नीट पाहून सांगा."

खाटेच्या पायाचा पाइप वरून उघडा होता. एक पानकापी त्यात शिरत होती, हिरवा गोल तुकडा पोटाशी धरून. सरांनी पितळी दांड्याचे भिंग माझ्या हातात दिले. मी वाकलो. दौलतभाऊ सरांच्या उजव्या बाजूला, स्टुलावर बसला होता, डावा कान माझ्याकडे.

"पोट कसं हाय?" सरांनी विचारले.

"पांढरट," मी म्हणालो. "कडेला थोडं काळं."

"तेच हाय. आपली काळी." ते समाधानाने मागे टेकले. "त्या साली मोळी राह्यली असती तं... जाऊ द्या. दौलत, कबूल कर आता. मी चाललो."

"नाई केलं तं काय कबूल करू, सर?" दौलतभाऊ म्हणाला. त्याचा आवाज थकला होता. "तुमी गेल्यावर मंग मले कोण म्हणन, 'तू नाई केलं' म्हणून?"

भिंगाखाली माशी झाकण बसवत होती. मी भिंग खाटेवर ठेवले.

"सर, मोळी मी फोडली," मी म्हणालो. "त्या नळीत दोन्ही पानं होती. तुमचं बरोबर होतं. मी ते पाहिलं आणि सगळं टाचेखाली घेतलं."

सरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग हातांकडे. भिंग त्यांनी वाकड्या बोटांत कसे धरले मला कळले नाही. ते येऊन माझ्या भुवईवर लागले. काच फुटली. डोळ्यात रक्त उतरले.

"आपण वर्षानुवर्षे माझ्याकडे चहा प्यायला येत होता," ते शुद्ध मराठीत म्हणाले. त्यांचा श्वास फुलला होता. पुढचे बोलताना त्यांची जीभ आपल्या जागी आली. "मी पाठच पाहून राह्यलो, पालेवाले. तुमचं पोट मी पाह्यलंच नाई."

मी त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी पाय खाटेवर ओढून घेतले.

"मले नोका सांगू. त्याले सांगा. आन त्या बाजूनं जाऊन सांगा. इकडचा कान मी फोडला हाय."

मी खाटेला वळसा घालून दौलतभाऊच्या उजवीकडे गेलो आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. तो गोंधळून आमच्या दोघांकडे पाहत होता. भिंग का फुटले, मला रक्त का आले, हे त्याला कळले नव्हते; पत्र्याच्या ठोकाठोकीत माझे बोलणे त्याला ऐकूच गेले नव्हते. मी बोललो. ओठ हलले एवढेच मला आठवते.

"मोठ्यानं बोला, सर," दौलतभाऊ म्हणाला. "तुमचं बोलनं पयलेपासूनच आयकू येत नाई."

गफूर सर खाटेवरून पुढे झुकले होते. गॅरेजमधली ठोकाठोक थांबली होती. पुतणे दारात येऊन उभे राहिले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"दौलतभाऊ, मोळी तुम्ही फोडली नाही. मी फोडली. तुम्हाला मारलं तेव्हा मी आवाज ऐकून आलो, तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."